मुलाणी सर आणि बंडाचं कारण

मुलाणी सर गेले त्याच दिवशी आम्ही शाळेतले सगळे भोरला त्यांच्या घरी गेलो. पुरुष मंडळी बाहेर खुर्च्यांवर बसली, आम्ही बायका आत शमीमभाभींजवळ. अशा वेळी जे बोललं जातं तेच चाललं होतं.

"सरांना बीपी होतं ना?"

"व्हय, लई वर्षं होतं. त्यानंच झालं."

"बीपी तर कालही होतं," मी म्हणाले.

म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. भाभींनी मान वर केली. रडून डोळे सुजले होते, तरी ओठ जरासे हलले. "अगदी त्यांच्यावानी बोललात, मॅडम," त्या म्हणाल्या. दाराशी बसलेली ऋतुजा आधी फसकन हसली, मग ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

ही ऋतुजा पासलीची. आता पुण्यात नर्सिंग शिकते. बारावीत असताना तिला वसतिगृहातून काढण्याचं जवळजवळ ठरलं होतं. वसतिगृह सुटलं असतं तर शाळाही सुटली असती, कारण पासलीहून रोज वेल्ह्याला वेळेवर पोचणं पावसाळ्यात कुणाच्या हातात नसतं. सरांनी एक वाक्य बोलायचं होतं, म्हणजे ती वाचली असती. ते वाक्य सर बोलले नाहीत. का बोलले नाहीत हे कळायला आधी सर कसे होते ते सांगायला हवं.

आमची शाळा वेल्ह्याची, तोरण्याच्या पायथ्याशी. पाचवी ते बारावी. वरच्या दोन वर्षांना फक्त कला शाखा. सर इतिहास शिकवायचे. बाजारात एक खोली भाड्यानं घेतली होती. शनिवारी दुपारच्या एसटीनं भोर, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. अंगानं उंच आणि किडकिडीत. खोलीचं दार बुटकं होतं, आणि त्या दारातून जाता-येता त्यांना वाकायची इतकी सवय झाली होती की शाळेच्या चांगल्या उंच दारातूनही ते वाकूनच आत यायचे.

वेळापत्रक माझ्याकडे असे, परीक्षाही माझ्याकडे, त्यामुळे कोण कुठल्या तासाला कुठे आहे हे मला पाठ. सर कुठल्याही वर्गात असले तरी बाहेरून बघणाऱ्याला वर्गात शिक्षक नाही असंच वाटायचं. कारण ते फळ्याजवळ कधी उभेच राहत नसत. आत शिरले की सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि तिथूनच बोलायला सुरुवात करायचे. मुलं उलटी फिरून बसायची. एकदा तपासणीला आलेले साहेब दारातूनच "इथे तास रिकामा कसा?" म्हणून माझ्यावर घसरले होते. मागून आवाज आला, "रिकामा न्हाई साहेब, उलटा हाय."

मी नंतर त्यांना विचारलं, हे काय सोंग?

"पुढं बसणाऱ्याला समदं ऐकू येतं, मॅडम. मागं किती पोचतं ते मला बघायचं असतं."

त्यांचं एक वाक्य साऱ्या वेल्ह्याला ठाऊक होतं. कुणी कशाचंही कारण सांगितलं की ते म्हणायचे, "हे काल बी होतं की. मग आज काय झालं?" वाद घालायला म्हणत नसत, खरंच विचारत असत. उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत थांबत.

एका बुधवारी संध्याकाळी पासलीची एसटी लागलीच नाही. घरून येऊन-जाऊन करणाऱ्या मुली स्टँडवर ताटकळलेल्या. सर आणि मी बाजारातून येत होतो. सर सरळ कंट्रोलरच्या खिडकीशी गेले.

"पासलीची गाडी का न्हाई?"

"रस्ता खराब झालाय, सर."

"काल बी खराब होता की. काल गाडी गेली."

"पाऊस लई हाय."

"काल काय ऊन पडलं होतं? आज काय झालं ते सांगा."

कंट्रोलर वैतागला. "ड्रायव्हर न्हाई, सर! त्याच्या पोरीला बघायला पाव्हणं आल्यात!"

"हां. हे कारण," सर एकदम समाधानानं म्हणाले. "रस्ता दुरुस्त करणं तुमच्या हातात न्हाई, पावसाचं तर न्हाईच न्हाई. ड्रायव्हर मात्र दुसरा हाय का?"

दुसरा ड्रायव्हर कँटीनला वडापाव खात होता. गाडी गेली. सर मला म्हणाले, "चुकीचं कारण सांगितलं की माणूस मोकळा होतो बघा. रस्ता खराब म्हटलं की संपलं. खरं कारण सापडलं की लगेच कुणाला तरी उठून काम करावं लागतं. म्हणून कुणी सापडू देत न्हाई."

घरीही तेच. शमीमभाभी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, मला एकदा धड रागावता नाही आलं. मी रागावले की ते म्हणायचे, हे तर मी काल बी केलं होतं, आज काय झालं? मग मी आठवत बसायची. आठवेपर्यंत राग जायचा."

सरांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे वसाहतींच्या धड्यात जाता जाता येणारं गुलामांचं बंड. फ्रेंचांच्या ताब्यातलं कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, आजचं हैती. तिथले उसाचे मळे. आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. पुस्तकात त्याला चार ओळी. सर त्या चार ओळींवर आठवडा घालवत आणि माझं वेळापत्रक कोलमडवत.

सुरुवात साखरेनं. कागदाच्या पुडीतून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर साखर. "जिभेवर ठेवा. गिळू नका. मी सांगतो तवा गिळा." आणि मग शेवटच्या बाकावरून तो संथ आवाज सुरू व्हायचा. हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा. ऊस सारणारी बाई पेंगली तर हात रुळात जायचा, म्हणून शेजारी कोयता टांगलेला असायचा. चरक थांबवण्यापेक्षा हात तोडणं सोपं. माणसं इतकी मरायची की नवी भरलेली जहाजं सतत येत राहायची. मुलांच्या तोंडात साखर विरघळत असायची आणि कुणाला ती थुंकताही यायची नाही. सगळं सांगून झालं की सर म्हणत, "आता गिळा."

सर स्वतः बिनसाखरेचा चहा घेत. मुलांची खात्री होती की त्या गुलामांसाठी सरांनी साखर सोडली आहे. अशी एक कविताही भित्तिपत्रकात लागली होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांची खात्री, सरांना मधुमेह आहे. मी एकदा विचारलं.

"कशाचं काय, मॅडम. मला गोड आवडत न्हाई. लहानपणापासनं. ईदला शीरखुर्मा बी चमचाभरच."

"मग मुलांना सांगा की तसं. त्यांनी तुम्हाला पार महात्मा केलंय."

"सांगितलं. त्यांना ते कारण आवडलं न्हाई."

माझं आणि त्यांचं भांडण असायचं ते मुद्द्यांवरून. परीक्षेत प्रश्न येतो, बंडाची कारणं लिहा. मुद्द्याला गुण. माझं म्हणणं, मुलांना मुद्दे द्या: अमानुष शिक्षा, मूठभर मालक आणि प्रचंड संख्येनं गुलाम, फ्रान्समधल्या क्रांतीच्या बातम्या, मिश्र वंशाच्या स्वतंत्र लोकांना नाकारलेले हक्क. खाली रेघ मारा, पुढच्या प्रश्नाला जा. सर मान डोलवायचे आणि देत नसत. परीक्षेआधीच्या आठवड्यात मीच त्यांचा तास मागून घेऊन फळ्यावर मुद्दे लिहायची. ते शेवटच्या बाकावर बसून ऐकत. मुद्दे संपले की हात वर करायचे, विद्यार्थ्यासारखा.

"मॅडम, ह्या शिक्षा किती वर्षं चालल्या व्हत्या?"

"शंभराच्या आसपास असतील."

"मग शंभर वर्षं कारण होतं आणि बंड न्हाई?"

मुलांना मजा वाटायची. मग ते सांगत. क्रांतीच्या गप्पा मालक लोक जेवणाच्या टेबलावर मारायचे. स्वातंत्र्य, समता. आणि मागं ताट धरून उभा असलेला माणूस ते सगळं ऐकायचा. त्याला कान आहेत हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. रविवारी हे लोक जमायचे, नाचायचे, ढोल वाजवायचे. मालकांना वाटायचं, नाचतायत तर नाचू देत. आणि मग एक बातमी पसरली की राजानं आठवड्यातले तीन दिवस तुमचे स्वतःचे म्हणून दिलेत, आणि इथले मालक ते दाबून बसलेत.

"खरी होती का बातमी?" दरवर्षी कुणीतरी विचारायचं.

"न्हाई. पण बघा, जे कधी मिळालंच न्हाई त्याच्यावाचून माणूस जन्म काढतो. दिलेलं कुणी काढून घेतलं असं वाटलं, की मग तो बसल्या जागेवरनं उठतो."

एकदा कुणीतरी म्हणालं, सर, म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोडवाल्यांसारखं. सर लगेच थांबले. "न्हाई. तोडवाल्याचं हाल लई हायेत, त्यावर वेगळं बोलू. पण त्याला गाव हाय, नाव हाय, हंगाम सरला की तो घरी जातो. त्या माणसांचं नाव बी मालकानं ठेवलेलं. समदं एका मापात घालू नका. दुसऱ्याचं दुःख आपल्या कामाला वापरायचं नसतं."

हे वाक्य मला पुढं फार आठवलं.

आता आवणीची गोष्ट. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. वसतिगृहामागं संस्थेची भातखाचरं आहेत. दरवर्षी वसतिगृहातल्या मुली दोन-तीन दिवस तिथं आवणी करतात. संस्थेच्या अहवालात त्याला श्रमदान म्हणतात. मुली सगळ्या पासली, केळद, आसपासच्या वाड्यांच्या. रोपं हातात धरायची कशी हे त्यांना शिकवावं लागत नाही. उलट त्या दोन दिवसांची त्या वाट बघायच्या. कुणाची कधी तक्रार नव्हती.

त्या वर्षी संस्थेनं नवा व्यवस्थापक नेमला. कदम. तरुण, हुशार, शहरात वाढलेला. वसतिगृहाचे बंद पडलेले पंखे त्यानं आल्या आल्या दुरुस्त करून घेतले, हेही सांगितलं पाहिजे. आवणीच्या दिवशी त्यानं पुण्याहून काही देणगीदार बोलावले होते. मुली चिखलात उतरल्या, कमरेत वाकल्या आणि रिवाजाप्रमाणे गाणं सुरू झालं. ऋतुजाचा आवाज खडा, त्यामुळं उचल तिची, बाकीच्या मागून.

इथली रीत अशी की आवणीच्या गाण्यात खाचराच्या मालकाची चेष्टा करायची. नाव घेऊन, तोंडावर. जितका मोठा माणूस तितकी मोठी चेष्टा. मालकानं हसायचं आणि चेष्टा झाली की गूळ वाटायचा. त्या दिवशी बांधावर मालकाच्या जागी उभा होता कदम, पांढरे बूट घालून.

कदमसाहेब बांधावर, बाई बांधावर,
पाय पडंना चिखलावर, बाई चिखलावर,
बूट घ्या की डोक्यावर!

देणगीदार खो खो हसले. कदमला वाटलं, पाहुण्यांसमोर आपला अपमान केला. तो ओरडला, "गाणं बंद! कामाला आलात की तमाशाला? जी गाईल तिला आज जेवण नाही!"

गाणं बंद झालं. ऋतुजानं हातातली रोपांची जुडी खाली ठेवली आणि बांधावर येऊन बसली. तिच्या मागून दुसरी. मग सगळ्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. ओळीनं बांधावर, पाय खाचरात सोडून. कदमनं दम दिला, समजावलं, शेवटी पाहुण्यांना घेऊन गेला. संध्याकाळी मुली उठल्या, पाय धुतले आणि जेवणाच्या घंटेला एकही गेली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या, अभ्यास केला; जेवल्या नाहीत आणि खाचरात उतरल्या नाहीत. उपटलेली रोपं जुड्या बांधून पाण्यात पडून होती.

संस्थेचे अध्यक्ष आण्णा. मूळचे इथलेच शेतकरी, आता मोठी बागाईत आणि मोठी गाडी. त्यांना कदमनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ऋतुजा ही म्होरकी आहे, तिला घरी पाठवा, बाकीच्या सरळ होतील. दुसरी, मुलाणी सरांनी गेल्याच आठवड्यात बारावीला गुलामांचं बंड शिकवलं आहे.

बैठक दुपारी चारला ठरली. त्याआधी स्टाफरूममध्ये सगळे सरांभोवती.

"सर, अंगावर घ्या," शिंदे सर म्हणाले. शिंदे सर गणिताचे, मोकळा माणूस. "म्हणा, माझ्या शिकवण्यामुळं मुली भरकटल्या. पोरगी सुटंल. तुम्हाला काय करणारेत? पुढलं वर्ष झालं की रिटायर होताय."

मलाही ते पटलं होतं. व्यवहाराचा तोडगा होता. मी म्हणाले, "नुसतं एवढंच म्हणा सर, की धडा जरा लवकर घेतला. पुढचं मी सांभाळते."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, त्या बेटावर बंड झालं तवा मालकांनी काय कारण लिहिलं ठाऊक हाय? बाहेरच्यांनी फूस लावली. प्यारिसवाल्यांनी, पुस्तकवाल्यांनी. आमचे गुलाम तर बिचारे खूश होते. त्यांना स्वतःचं डोकं असंल हे मालकाला कबूलच करायचं न्हवतं. आता मी तेच बोलू? पोरींनी आपल्या आपण केलेली गोष्ट माझ्या नावावर करू?"

"पण तिचं वर्ष जाईल, सर."

"जाऊ द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "पण खोटं कारण सांगून न्हाई. खोटं कारण लिहून आज पोरगी ठेवून घेतील, आणि पुढल्या आवणीला पुन्हा हेच."

शिंदे सर चिडून म्हणाले, "तुमच्या कारणापायी पोरीचा बळी द्याल तुम्ही!" सरांच्या तोंडावर ते लागल्याचं दिसलं. त्यांनी कप विसळून पालथा घातला आणि वाकून दारातून बाहेर पडले.

बैठकीत आण्णा, कदम, मुख्याध्यापक आणि इतिवृत्त लिहायला मी. ऋतुजा बाहेर व्हरांड्यात उभी, तिचे वडील पासलीहून निघालेले, अजून पोचले नव्हते. कदमनं सुरुवात केली. "सर, तुम्ही गेल्या आठवड्यात बंड शिकवलंत हे खरं ना?"

"खरं."

"मग झालं तर."

"गेल्या वर्षी बी शिकवलं, साहेब. त्याच्या आदल्या वर्षी बी. त्या वर्षी पोरी गात गात आवणी करून आल्या. मॅडमना विचारा, हजेरी त्यांच्याकडं असते."

"मुलींना हे काम जड जातं, थंडी, पाऊस," मुख्याध्यापक मध्यम मार्ग काढायला गेले.

"पाऊस काल बी होता की, सर."

आण्णा खुर्चीत पुढं सरले. इतका वेळ ते मोबाईल बघत होते. "बरं. मग आज काय झालं ते तुमीच सांगा, मुलाणी."

"आण्णा, तुमी कागदावर श्रमदान लिवता. पोरींनी कधी श्रमदान केलंच न्हाई. त्या इर्जिक करत होत्या."

इर्जिक म्हणजे एकमेकांच्या शेतात फुकट हात लावायला जाणं. आज सगळे माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. हे तिथं कदम सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"इर्जिकीला मजुरी नसते," सर म्हणाले, "पण तीन गोष्टी असत्यात. गाणं, मालकाची चेष्टा, आणि बांधावरची भाकरी. त्या तिन्हींनी तो चिखल आपला वाटतो. कदमसाहेबांना हे ठाऊक न्हवतं, त्यात त्यांचा दोष न्हाई. पण त्यांनी गाणं काढून घेतलं, चेष्टा काढून घेतली, आणि भाकरीला अट घातली. मग राहिलं काय? नुसता चिखल. दुसऱ्याचा."

"म्हणजे आम्ही गुलाम ठेवलेत म्हणा ना!" कदमचा आवाज चढला.

"न्हाई, साहेब. असं मी कधी म्हणणार न्हाई. पोरी संध्याकाळी पुस्तक उघडत्यात, सुट्टीला घरी जात्यात. ह्यांना गुलाम म्हटलं तर त्या माणसांची थट्टा होईल. मी एवढंच सांगतो, ऋतुजानं बंड केलं न्हाई. गाणं उचललं. इर्जिकीत ज्याचा आवाज मोठा तो उचलतो. तिला काढाल तर दुसरीचा आवाज मोठा असंल."

मी लिहायची थांबले होते. आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या खाचरात बाया माझ्या बापाला टोपीवाला बोका म्हणायच्या."

कदम त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आणि बाप?" सरांनी विचारलं.

"बाप म्यांव करायचा." आण्णा हसले नाहीत. "मग गूळ वाटायचा."

ऋतुजाला काढायचं नाही असं ठरलं. पण आण्णा हे अध्यक्षही होते. उठता उठता त्यांनी सांगितलं, पुढल्या वर्षापासनं वरच्या वर्गांना इतिहास दुसऱ्या कुणाला द्या, आणि धडा पुस्तकात आहे तेवढाच घ्या. सर फक्त "बरं" म्हणाले. पुढल्या वर्षीच्या वेळापत्रकात बारावीसमोर दुसरं नाव मीच लिहिलं. नोकरीचं शेवटचं वर्ष सर पाचवीला होते. तिथंही शेवटच्या बाकावरच बसायचे. गुडघे बाकात मावत नसत.

बैठकीनंतर आण्णा थेट खाचरात गेले. मी मागून. मुली बांधावर होत्या, ऋतुजाही त्यांच्यात जाऊन बसली. "गा गं, पोरींनो," आण्णा म्हणाले. "माझी परवानगी हाय."

मुली हलल्या नाहीत. ऋतुजा उभी राहिली, मान खाली, पण आवाज स्पष्ट. "आण्णा, परवानगीनं चेष्टा करता येत न्हाई."

आण्णांनी पायातले बूट काढले, धोतर खोचलं, एक जुडी उचलली आणि एकटेच खाचरात वाकले. खूप वर्षांत हात लावला नसावा. ओळ निघाली ती तिरकी, बांधाकडं सरकत सरकत. मुली बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. आणि मग ऋतुजालाच राहवेना.

आण्णांची ओळ निघाली, बाई निघाली,
पासलीला जाऊन लागली!

आण्णांनी वाकल्या वाकल्या "म्यांव" केलं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आवणी झाली आणि कदमनं, बूट हातात घेऊन, बांधावर भाकरी आणल्या. गूळ त्याच्या खिशात होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं.

सर तिथं नव्हते. मी शाळेत परतले तर ते बारावीच्या वह्या तपासत बसलेले. "या की सर, सगळे खाचरात आहेत."

"माझं काय काम तिथं? मी मालक बी न्हाई, इर्जिकीचा बी न्हाई," ते म्हणाले, आणि वही उलटली. गाणं तिथपर्यंत ऐकू येत होतं.

ऋतुजा बारावी झाली, पुढं गेली. सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना बिनसाखरेचे पेढे दिले गेले; त्यांनी ते तिथंच वाटून टाकले.

गेल्या पावसाळ्यात मी पटनोंदणीच्या कामासाठी पासलीला गेले होते. रस्त्याकडेच्या खाचरात आवणी चालली होती, प्लास्टिकच्या खोळी पांघरलेल्या बाया ओळीत वाकलेल्या. मधेच एक खोळ बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. नीट पाहिलं तर मुलाणी सर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात रोपं. ते खाचर ऋतुजाच्या वडिलांचं. इर्जिकीचं बोलावणं त्यांनी भोरला फोन करून दिलं होतं, आणि सर दोन एसट्या बदलून आले होते. ऋतुजाही सुट्टी काढून आली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात तिनं गाणं उचललं.

सरांनी लावली एक वळ, बाई एक वळ,
म्हशीनं जसा घेतला लोळ!
काल बी व्हती वाकडी, बाई वाकडी,
आज काय झालं, तरी बी वाकडी!

सगळं खाचर हसायला लागलं. सर कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले. आपल्या ओळीकडे बघितलं. ती खरोखरच वाकडी होती. त्यांनी चिखलाचा हात शर्टाला पुसला, खोळीच्या आतून खिशातली कागदाची पुडी काढली आणि ओळीतल्या एकेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवत शेवटपर्यंत गेले. ऋतुजाच्या हातावर जरा मोठा. पुडीत एक खडा उरला. सरांनी तो थोडा वेळ बोटांत धरला, तोंडात टाकला, विरघळू दिला, गिळला, आणि वाकून पुढची जुडी उचलली.